हंगामाचा आढावा: तक्त्यापासून लेखापर्यंत

मे महिन्यातल्या शेवटच्या फेरीच्या रविवारी इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलचे दहाही सामने आपल्याकडे रात्री साडेआठला एकदम सुरू होतात आणि साडेदहाच्या आसपास वर्षाचा हिशोब मिटतो. त्या रात्री आढावा लिहायला घेऊ नये. शेवटच्या नव्वद मिनिटांचं ओझं अख्ख्या हंगामावर पडतं. सामना जिंकला तर नऊ महिने बरे गेले असं वाटतं, हरला तर प्रशिक्षकाला घरी पाठवावंसं वाटतं. आम्ही ठाणे-नवी मुंबईतले काही जण दर उन्हाळ्यात आपापल्या क्लबचा आढावा लिहितो. कुणी आर्सेनलचा, कुणी लिव्हरपूलचा, कुणी टॉटनहॅमचा. इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) मुंबई सिटी मात्र सगळ्यांची. पहिला आठवडा नुसते आकडे जुळवण्यात जातो, लेखनाला हात त्यानंतर. हे काम कसं करायचं आणि कुठे फसतं ते इथे मांडतो आहोत. नमुन्याला २०२४-२५ चा हंगाम घेतला आहे, कारण त्याचे निकाल, अपिलं आणि बदल्या सगळं पक्कं झालेलं आहे.

आढाव्याचं खरं काम ऑगस्टमध्ये सुरू होतं. प्रत्येक सामन्याची एक ओळ तक्त्यात त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी भरायची. तारीख, विरोधी संघ, घरी की बाहेर, आधीच्या सामन्यानंतर किती दिवस गेले, सुरुवातीचे अकरा, प्रत्येक गोलाचं मिनिट आणि त्यानंतरचा गोलफलक, कार्डं, बदली खेळाडू कितव्या मिनिटाला आले, दुखापती. भरलेली ओळ अशी दिसते: «आर्सेनल–ब्रायटन, ३१ ऑगस्ट, घरी. ३८ हावर्ट्झ १-०. ४९ राइस दुसरं पिवळं. ५८ जोआव पेद्रो १-१.» याच्या शेजारी मोकळा रकाना ठेवायचा आणि त्यात सामना बघताना जे जाणवलं ते एका वाक्यात लिहायचं: चेंडू लाथाडून खेळ थांबवल्याबद्दल कार्ड, दहा जणांनी बचावफळी खूप मागे नेली. मे महिन्यात हाच रकाना सगळ्यात उपयोगी पडतो. निकाल कुठेही मिळतात, पण ऑगस्टमध्ये आपल्याला काय दिसलं होतं ते मे महिन्यात आठवत नाही. आठवतं ते नंतरच्या निकालांनी रंगवलेलं असतं.

तारखेची एक गोम आहे आणि तिच्यापायी बरेच तक्ते बिघडतात. चॅम्पियन्स लीगचा रात्रीचा सामना आपल्याकडे साडेबाराला, आणि ऑक्टोबरअखेर ते मार्चअखेर युरोपातली घड्याळं मागे असताना दीड वाजता सुरू होतो. म्हणजे आपल्या कॅलेंडरवर तो दुसऱ्या दिवशी पडतो. शनिवारचा सामना मात्र शनिवारीच राहतो. आर्सेनलने रेआल माद्रिदला ३-० हरवलं ते लंडनमध्ये मंगळवारी, ८ एप्रिलला. आपल्याकडे तेव्हा ९ तारीख लागली होती. पुढचा लीग सामना शनिवारी १२ एप्रिलला ब्रेंटफर्डशी. आपल्या तारखा धरल्या तर विश्रांतीचे तीन दिवस निघतात, खरे असतात चार. दमणुकीबद्दल लिहायचं असेल तर हा एक दिवस अख्खा परिच्छेद चुकवतो. म्हणून तक्त्यात तारीख कायम मैदानाच्या गावची टाकायची. रात्री अडीच-साडेतीनला सामना संपल्यावर लिहिण्याची ताकद नसेल तर फोनवर स्वतःशी दोन मिनिटं बोलून ठेवावं. सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये अर्ध्या तासात ते ऐकून ओळ भरून होते.

शेवटची फेरी झाली की तक्त्याची बेरीज अधिकृत गुणतक्त्याशी ताडून पाहायची. विजय, बरोबरी, पराभव, केलेले गोल, खाल्लेले गोल, असे पाचही आकडे जुळलेच पाहिजेत. आर्सेनलचे २० विजय, १४ बरोबऱ्या, ४ पराभव, गोल ६९ केले, ३४ खाल्ले, गुण ७४. एक गोलही कमी भरला तर पुढे जाऊ नये, कारण चूक नेमकी कुठे आहे ते नंतर सापडणं कठीण. बहुतेक वेळा स्वयंगोल भलत्या बाजूला गेलेला असतो किंवा पुढे ढकललेला सामना दोनदा भरलेला असतो.

आता मुख्य भाग. हंगाम संपताना प्रत्येक क्लबभोवती दोन-तीन वाक्यं फिरत असतात. टर्फवर ऐकू येतात, व्हॉट्सॲपवर येतात, नाक्यावर चहा पितानाही तीच. आढाव्यात ती वाक्यं पुन्हा लिहून काही साधत नाही, ती तपासली पाहिजेत. आम्ही आधी ती कागदावर जशीच्या तशी उतरवतो आणि प्रत्येकासमोर लिहितो: हे खरं असेल तर तक्त्यात काय दिसायला हवं?

आर्सेनलचं त्या वर्षीचं वाक्य होतं, «लाल कार्डांनी लीग घालवली.» लीगमध्ये सहा वेळा त्यांचा खेळाडू बाहेर गेला. त्यातलं वुल्व्ह्जविरुद्धचं माइल्स लुइस-स्केलीचं कार्ड अपिलात रद्द झालं, पण त्या दिवशी तो ४३ व्या मिनिटापासून मैदानाबाहेरच होता, म्हणून आमच्या तक्त्यात ते राहतं. त्या सहा सामन्यांत १८ पैकी ६ गुण मिळाले. एवढ्यावर थांबलं तर वाक्य खरं वाटतं: बारा गुण गेले आणि लिव्हरपूल दहा गुणांनी पुढे होतं. पण मोजायची गोष्ट वेगळी आहे. कार्ड दाखवलं त्या क्षणी गोलफलकाप्रमाणे किती गुण हातात होते आणि शेवटी किती उरले, हा फरक काढायचा.

ब्रायटनविरुद्ध राइस गेला तेव्हा १-० होतं, शेवटी १-१. दोन गुण गेले. मँचेस्टर सिटीविरुद्ध मध्यंतराच्या तोंडावर ट्रोसार्ड गेला तेव्हा २-१, आणि भरपाई वेळेच्या आठव्या मिनिटाला स्टोन्सने २-२ केलं. आणखी दोन गेले. बोर्नमथला ३० व्या मिनिटाला सालिबा गेला तेव्हा ०-०, शेवटी ०-२, एक गेला. वुल्व्ह्जविरुद्ध कार्डाच्या वेळी ०-० होतं, पुढे ७० व्या मिनिटाला त्यांचाही जोआव गोम्स बाहेर गेला आणि ७४ व्या मिनिटाला कालाफिओरीच्या गोलने सामना जिंकला. दोन गुण उलट वाढले. वेस्ट हॅमविरुद्ध ७३ व्या मिनिटाला लुइस-स्केली पुन्हा गेला तेव्हा आर्सेनल आधीच ०-१ ने मागे होतं, निकालही तोच. लिव्हरपूलच्या मैदानावर, ॲनफिल्डला, ७९ व्या मिनिटाला मेरिनो गेला तेव्हा २-२, शेवटीही २-२. बेरीज: पाच गेले, दोन आले. निव्वळ तोटा तीन गुणांचा.

यात कार्डानंतरच्या निलंबनाचा हिशोब जोडावा लागतो. राइस नसताना टॉटनहॅमच्या मैदानावर १-० विजय मिळाला. सालिबा नसताना लिव्हरपूलशी घरी २-२ झालं. तो असता तर काय झालं असतं हे कुणीही मोजू शकत नाही, म्हणून लेखात तेवढंच नोंदवायचं. पण तीन गुणांनी दहाची दरी भरत नाही, हे वाक्य आता ठामपणे लिहिता येतं.

मग गुण गेले कुठे? यासाठी प्रत्येक सामन्याच्या गोलांच्या मिनिटांवरून एक रकाना काढायचा: संघ कधीही पुढे होता का, आणि असेल तर शेवटी किती गुण हुकले. पुढे असून बरोबरी म्हणजे दोन, पुढे असून पराभव म्हणजे तीन. आर्सेनलच्या १४ बरोबऱ्यांपैकी नऊ सामन्यांत ते कधीतरी पुढे होते, म्हणजे १८ गुण. शिवाय घरच्या मैदानावर बोर्नमथविरुद्ध राइसने १-० केल्यावर १-२ हरले, त्याचे तीन. एकूण २१. त्यातल्या फक्त दोन सामन्यांत, ब्रायटन आणि सिटीच्या, संघ दहा जणांवर आलेला होता. उरलेले १७ गुण अकराच्या अकरा मैदानात असताना गेले.

एकटा आकडा फसवतो, कारण पुढे असताना गुण प्रत्येक संघ गमावतो. म्हणून मागच्या हंगामावर हीच रीत चालवायची. २०२३-२४ मध्ये आर्सेनलने असे नऊ गुण गमावले होते: फुलहॅमशी घरी बरोबरी, टॉटनहॅमशी घरी बरोबरी, ॲनफिल्डवर बरोबरी आणि फुलहॅमला बाहेर पराभव. नऊचे एकवीस, म्हणजे बारा गुणांचा फरक. त्या वर्षी गुण ८९ होते, आता ७४, घसरण पंधराची. पंधरातले बारा एका खात्यात सापडले की आढाव्याला कणा मिळतो.

इथून आणखी खाली उतरावं. त्या नऊ बरोबऱ्यांतले शेवटचे बरोबरीचे गोल कोणत्या मिनिटाला पडले ते ओळीने लिहून पाहिलं: ब्रायटन ५८, सिटी ९०+८, लिव्हरपूल ८१, चेल्सी ७०, परतीच्या लढतीत ब्रायटन ६१, ॲस्टन व्हिला ६८, एव्हर्टन ४९, ब्रेंटफर्ड ७४, क्रिस्टल पॅलेस ८३. पूर्वार्धात एकही नाही. बोर्नमथचे दोन गोलही ६७ आणि ७५ व्या मिनिटाचे. यापुढे मात्र अनुमानाचा प्रांत सुरू होतो आणि तिथे पाय जपून टाकायचा. बाकावर ताज्या दमाचे आक्रमक उरले नव्हते हे पहिलं स्पष्टीकरण सुचतं. गॅब्रिएल जेझुस जानेवारीपासून बाहेर होता, हावर्ट्झ फेब्रुवारीपासून, आणि मधल्या फळीतल्या मेरिनोला स्ट्रायकर म्हणून खेळवावं लागलं. पण गुण गमावलेल्या दहापैकी चार सामने नोव्हेंबरच्या मध्याआधी होऊन गेले होते, तेव्हा दोघांच्याही या मोठ्या दुखापती झाल्या नव्हत्या. ओडेगार्डच्या घोट्याचं कारण पुढे केलं तर तेही पुरत नाही: सिटी आणि लिव्हरपूलच्या वेळी तो नव्हता हे खरं, पण ऑगस्टमध्ये ब्रायटनविरुद्ध तो होता आणि चेल्सीविरुद्ध तर मार्टिनेलीच्या गोलला पास त्याचाच होता. म्हणून लेखात «दुखापती» हे कारण अर्ध्या हंगामापुरतंच द्यायचं. उरलेल्यासाठी त्या मोकळ्या रकान्यातल्या ओळी वाचायच्या. साठाव्या मिनिटानंतर संघ किती खाली बसला, चेंडू पुढे कोण धरून ठेवत होतं, पहिला बदल कधी झाला, हे तिथेच सापडतं.

तक्ता बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो, त्याचा नमुनाही याच हंगामात आहे. बुकायो साका २१ डिसेंबरला पॅलेसविरुद्ध मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीने बाहेर गेला आणि १ एप्रिलला फुलहॅमविरुद्ध परतला. मधल्या सलग १२ लीग सामन्यांत आर्सेनलने ७ जिंकले, ४ बरोबरीत सोडवले, १ हरले. गुण २५, सामन्यामागे २.०८. बाकीच्या २६ सामन्यांत ४९ गुण, सामन्यामागे १.८८. साका नसताना संघ बरा खेळला, असं कुणी यावरून लिहिलं तर आकडे त्याला विरोध करणार नाहीत! पण गोल पाहा: त्या १२ सामन्यांत १९, म्हणजे सामन्यामागे १.५८, बाकीच्या २६ मध्ये ५०, म्हणजे १.९२. त्या १९ मधले पाच तर एकट्या सिटीविरुद्धच्या ५-१ मध्ये आले. इप्सविच, वुल्व्ह्ज आणि चेल्सीविरुद्ध १-० ने निभावलं. म्हणजे गोल आटले होते, फक्त बचावफळीने गुण राखले. त्यात २६ च्या बाजूला ऑक्टोबरचा बोर्नमथचा सामनाही येतो, आणि तोही साका खेळला नव्हता. बारा सामने हा नमुना लहान आहे. त्यावर कुणाची गरज आहे किंवा नाही असा निवाडा देऊ नये. गुण आणि गोल दोन्ही शेजारी छापले की वाचणाऱ्याला स्वतःच कळतं.

एक्सजी, म्हणजे संधींच्या दर्जावरून काढलेले अपेक्षित गोल, आम्ही वापरतो, पण तीन अटींवर. एकाच संस्थेचे आकडे वर्षभर वापरायचे, कारण प्रत्येकाचं गणित वेगळं आणि एकाच सामन्याचे दोन आकडे सहज निघतात. पेनल्टी वेगळी काढायची. एका पेनल्टीलाच साधारण ०.७६ ते ०.७९ मिळतात, त्यामुळे निरस सामनाही आकड्यात भरलेला दिसतो. आणि एका सामन्याच्या एक्सजीवरून «आपण जिंकायला हवं होतं» असं लिहायचं नाही; दहा-बारा सामन्यांची सरासरी घेतल्याशिवाय त्याला वजन नाही. शिवाय पुढे असलेला संघ मागे बसतो आणि मागे असलेला फटके मारत सुटतो, तेव्हा बरोबरी असतानाचा वेळ वेगळा काढता आला तर उत्तम.

खेळाडूंचे आकडे नव्वद मिनिटांमागे काढायचे. ३८ सामन्यांची मिनिटं ३,४२० होतात. ९०० पेक्षा कमी खेळलेल्याला क्रमवारीत घ्यायचं नाही, नाहीतर शेवटची दहा मिनिटं येऊन दोन गोल करणारा सगळ्यांच्या वर बसतो. लिव्हरपूलच्या सालाहने २०२४-२५ मध्ये २९ गोल केले आणि १८ गोलांना हातभार लावला, बेरीज ४७. अँडी कोल आणि ॲलन शिअरर यांचीही बेरीज ४७, पण त्यांच्या वेळी लीगचे सामने ४२ असत. सामन्यामागे पाहिलं तर १.२४ आणि १.१२. सालाहचे नऊ गोल पेनल्टीचे, ही नोंदही त्याच ओळीत हवी. ती टाकल्याने त्याचा हंगाम लहान होत नाही, उलट आकड्यावर विश्वास बसतो.

सगळ्यात अवघड आढावा होता टॉटनहॅमचा. लीगमध्ये १७ वा क्रमांक, ३८ गुण, २२ पराभव. आणि २१ मे रोजी बिल्बाओमध्ये मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून युरोपा लीग, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या खालोखालची युरोपीय स्पर्धा. अशा हंगामाला दहापैकी किती गुण, हा प्रश्नच टाकून द्यायचा आणि दोन खाती वेगळी ठेवायची. लीगच्या खात्यात एक विचित्र आकडा आहे: गोल ६४ केले, ६५ खाल्ले. १७ व्या संघाचा गोलफरक उणे एक, तर १५ व्या मँचेस्टर युनायटेडचा उणे दहा. म्हणजे टॉटनहॅम जिंकलं की मोठं जिंकत होतं, सिटीला त्यांच्या मैदानावर ४-० सारखं, आणि हरताना बहुतेकदा थोडक्यात हरत होतं. दुसरं असं की वसंतात युरोपा लीगला प्राधान्य देऊन लीगमध्ये बदललेला संघ उतरवला गेला. त्या सामन्यांवर वेगळी खूण करायची. त्यांना बाजूला ठेवूनही शरद ऋतूतले पराभव उरतातच. प्रशिक्षक पोस्टेकोग्लू यांना ६ जूनला पदावरून काढलं. करंडक जिंकून सोळा दिवसांत प्रशिक्षक जातो, तेव्हा आमच्यातल्या टॉटनहॅमवाल्यांचं मन आम्ही समजू शकतो. तरीही लीगचं खातं वाचल्याशिवाय त्या निर्णयावर लिहू नये.

पैशांचा भाग लोक टाळतात, पण पुढच्या हंगामाबद्दल एक ओळ जरी लिहायची असेल तरी तो लागतो. त्या हंगामाच्या नियमाप्रमाणे प्रीमियर लीगच्या क्लबला तीन वर्षांत जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंडांचा तोटा दाखवता येत होता. खेळाडूची किंमत हिशोबात कराराच्या वर्षांवर वाटली जाते, आणि डिसेंबर २०२३ पासून जास्तीत जास्त पाच वर्षांवर. सहा कोटी पौंडांचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर दरवर्षी १.२ कोटी खर्च पडतो. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत २.४ कोटी उरते. तेव्हा तीन कोटींना विकला तर साठ लाखांचा नफा दिसतो, जरी खिशातून तीन कोटी गेलेले असले तरी. अकादमीतून आलेला खेळाडू विकला तर सगळी रक्कम नफा. घरचीच पोरं का विकली जातात ते यावरून उमगतं. यासाठी एक साधा तक्ता पुरतो: खेळाडू, वय, करार कोणत्या वर्षी संपतो, किती मिनिटं खेळला. करार बहुधा ३० जूनला संपतात. वर्षभर शिल्लक असलेले आणि २,००० मिनिटांवर खेळलेले खेळाडू कोण, एवढं पाहिलं तरी क्लबची उन्हाळ्यातली डोकेदुखी समोर येते. बदल्यांच्या अफवा लेखात घेऊ नयेत. त्या आठवड्यात शिळ्या होतात आणि लेखालाही शिळं करतात.

घाईचा फटका कसा बसतो ते क्रिस्टल पॅलेसच्या आढाव्यांत दिसलं. १७ मे रोजी एझेच्या गोलने सिटीला १-० हरवून त्यांनी एफए कप घेतला. क्लबचा तो पहिला मोठा करंडक, आणि त्याबरोबर युरोपा लीगची जागा. मे महिन्यात सगळीकडे तेच छापून आलं. जुलैमध्ये युरोपीय फुटबॉलची संघटना युएफाने एकाच मालकाच्या अनेक क्लबांच्या नियमाखाली त्यांना एक पायरी खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये ढकललं, ऑगस्टमध्ये अपील फेटाळलं गेलं आणि युरोपा लीगची जागा नॉटिंगहॅम फॉरेस्टला मिळाली. म्हणून «पुढच्या वर्षी» हा भाग आम्ही वेगळा ठेवतो, त्याखाली तारीख टाकतो, आणि बदल झाला की जुनं वाक्य न पुसता त्याखाली नवं लिहितो.

मुंबई सिटीच्या आढाव्यात अडचणी वेगळ्या आहेत. २०१४ आणि २०१५ मध्ये घरचं मैदान नेरूळचं डी. वाय. पाटील होतं. १८ ऑक्टोबर २०१४ ला पुण्याला ५-० हरवताना आंद्रे मोरित्झने आयएसएलची पहिली हॅटट्रिक केली ती तिथेच, आणि नवी मुंबईतल्या कित्येकांचं या क्लबशी नातं त्या दोन हंगामांत जुळलं. २०१६ पासून घर अंधेरीला गेलं. त्यानंतर २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही हंगाम सगळ्या संघांनी गोव्यात खेळले. म्हणजे घरी-बाहेर हा रकाना त्या दोन वर्षांसाठी निरर्थक आहे. तो सरासरीत धरला तर घरच्या मैदानाचा फायदा आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

दुसरी अडचण सामन्यांच्या संख्येची. संघ वाढत गेले तसे सामने वाढले: २०२२-२३ मध्ये प्रत्येकी २०, पुढच्या वर्षी २२, २०२४-२५ मध्ये २४. त्यामुळे गुण थेट शेजारी मांडू नयेत. मुंबईचे २०२०-२१ चे ४० गुण म्हणजे सामन्यामागे २.००. २०२२-२३ चे ४६ म्हणजे २.३०, गोल ५४. २०२३-२४ चे ४७ म्हणजे २.१४. २०२४-२५ चे ३६ म्हणजे १.५०. मोहन बागानने २०२४-२५ मध्ये ५६ गुण केले, ऐकायला मुंबईच्या ४६ पेक्षा किती तरी मोठे, सामन्यामागे २.३३. म्हणजे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांचा २०२२-२३ चा तो संघ जवळजवळ त्याच तोडीचा होता. हे आम्ही आवर्जून लिहितो, कारण ४६ चा आकडा दरवर्षी थोडा थोडा लहान दिसत जातो आणि त्या संघावर अन्याय होतो.

इथेही खाती दोन: साखळीत पहिला येणाऱ्याला लीग शील्ड आणि त्यानंतरची बाद फेरी जिंकणाऱ्याला कप. २०२२-२३ मध्ये शील्ड मिळाली, पण उपांत्य फेरीत बेंगळुरूने पेनल्टींवर हरवलं. २०२३-२४ मध्ये शील्ड एका गुणाने हुकली, मोहन बागानचे ४८ आणि मुंबईचे ४७. मग ४ मे २०२४ ला कोलकात्यात त्याच मोहन बागानला ३-१ हरवून कप आणला. २०२४-२५ मध्ये सहावा क्रमांक आणि बाद फेरीत बेंगळुरूकडून ०-५. तो ०-५ डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि म्हणूनच आढावा त्याच्यापासून सुरू करायचा नाही. आधी २४ सामने, मग तो एक.

आता लेखन. खर्डा दीड-दोन हजार शब्दांचा. पहिल्या परिच्छेदात हंगामाचा निवाडा एका वाक्यात यायला हवा. आर्सेनलच्या खर्ड्यात आधी «सहा लाल कार्डांनी लीग घालवली» असं होतं. तपासणीनंतर ते असं झालं: «लाल कार्डांनी थेट तीन गुण नेले, पुढे असताना २१ गेले आणि त्यातले १७ अकरा जण मैदानात असताना.» दुसरं वाक्य कमी चटकदार आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द तक्त्यात बोट ठेवून दाखवता येतो. प्रत्येक दाव्याशेजारी समासात तक्त्याच्या ओळीचा क्रमांक लिहायचा. ज्याला क्रमांक मिळत नाही तो दावा «आम्हाला वाटतं» म्हणून लिहायचा किंवा काढायचा.

मग खर्डा विरोधी क्लबाच्या समर्थकाकडे द्यायचा, कागदावर छापून. आर्सेनलचा लिव्हरपूलवाल्याकडे, टॉटनहॅमचा आर्सेनलवाल्याकडे. आपल्या माणसाला आपलं रडगाणं खटकत नाही, समोरच्याला पहिल्या ओळीतच खटकतं. त्याने फक्त दोन खुणा करायच्या: आकडा चुकला तिथे फुली, पंचांवर खापर फोडलं तिथे वर्तुळ. पंचांच्या चुकांबद्दल लिहायचं तर आपल्याविरुद्ध गेलेल्या आणि आपल्या बाजूने गेलेल्या, दोन्ही लिहायच्या. फक्त पहिल्या सापडत असतील तर तो परिच्छेद वगळायचा. मुलांच्या चुकांबद्दल लिहिताना हात आखडता घ्यायचा. लुइस-स्केली त्या हंगामात अठरा वर्षांचा होता.

फोटो वृत्तसंस्थांचे उचलू नयेत. त्यांचे हक्क राखलेले असतात आणि लेख उतरवायची वेळ येते. आलेख स्वतः काढावा, आणि एकच. आर्सेनलसाठी त्या नऊ बरोबरीच्या गोलांची मिनिटं ० ते ९० च्या रेघेवर ठिपक्यांनी दाखवली की डावी अर्धी बाजू रिकामी आणि उजवी भरलेली दिसते. गुणतक्त्याची लांबलचक चित्रं फोनवर वाचता येत नाहीत, ती टाकू नयेत.

लेख जूनच्या पहिल्या पंधरवड्यात टाकावा. बदल्यांच्या बातम्यांत तो बुडायच्या आत, आणि शेवटच्या सामन्याचा ताप उतरल्यावर. जूनच्या मध्यानंतर प्रीमियर लीगचं नवं वेळापत्रक येतं, त्या दिवशी नवा तक्ता उघडायचा आणि आढाव्यात जो रकाना कमी पडला तो आधीच घालून ठेवायचा. आर्सेनलच्या तक्त्यात दोन वाढले: पुढे असताना पहिला बदल कितव्या मिनिटाला झाला, आणि त्या वेळी बाकावर कोण कोण होतं.